शहापुरातील जळालेले घर पावसापूर्वी राहते करायचे आहे. कामाचा क्रम कसा ठेवावा?

मूळ प्रश्न (माजघर)

सर्वांना नमस्कार. आमचे वडिलोपार्जित घर बेळगावात शहापुरात आहे. पुढचा भाग जुना असून त्याच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या आणि मातीत बांधलेल्या आहेत. सोपा (पुढची ओसरी), माजघर, त्यावर सागवानी तुळयांचा माळा आणि वर मंगळुरी कौले अशी त्याची रचना आहे. मागचे स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेली खोली 1998 मध्ये नव्याने बांधली, त्यावर सिमेंटचा स्लॅब आहे. एप्रिलच्या अखेरीस त्या मागच्या खोलीत इन्व्हर्टरच्या जोडणीपाशी आग लागली. फोमच्या गाद्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वायरिंग आणि कपड्यांचे कपाट असे सगळे जळाले. अग्निशामक दल वेळेत आल्यामुळे कोणालाही इजा झाली नाही, ही देवाची कृपाच म्हणावी लागेल.

आता स्थिती अशी आहे. मागच्या खोलीच्या स्लॅबचा गिलावा मधोमध गळून पडला आहे, दोन-तीन ठिकाणी सळ्या दिसतात आणि आतील काँक्रीट फिकट गुलाबी दिसते. माजघराच्या दाराजवळची एक तुळई काळी पडून तिच्यावर चौकटी-चौकटींच्या भेगा उमटल्या आहेत. सोप्यात ज्वाळा पोहोचल्याच नाहीत, तरी भिंती, कौलांची खालची बाजू आणि भांडी या सगळ्यांवर तेलकट काजळी बसली आहे, आणि घरात पाऊल टाकले की घसा खवखवतो.

नेहमीच्या गवंड्याचे म्हणणे असे की स्लॅबला गिलाव्याचे ठिगळ लावावे, भिंतींना रंगाचे दोन हात द्यावेत, आठवड्यात घर राहते होईल. एका नातेवाइकांच्या मते स्लॅब पूर्ण पाडावा लागेल. घरदुरुस्तीच्या कर्जासोबत उतरवलेला विमा आहे, परंतु सर्वेक्षक अद्याप आलेले नाहीत. वळीव सुरू झाला आहे आणि मृग लागण्यापूर्वी निदान पुढचा भाग तरी राहण्याजोगा व्हावा, अशी इच्छा आहे. कोणते काम आधी करावे आणि कोणत्या कामाला हात लावू नये, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


उत्तर 1 (निवृत्त स्थापत्य, टिळकवाडी)

आपल्या गवंड्याचा सल्ला आणि नातेवाइकांचा सल्ला, दोन्ही तपासणीआधीचे आहेत, म्हणून दोन्ही बाजूला ठेवावेत. मी शासकीय बांधकामांवर काम केले आहे आणि आगीत सापडलेल्या काही इमारती तपासल्या आहेत. त्या आधारे लिहितो.

आपण लिहिलेला फिकट गुलाबी रंग महत्त्वाचा आहे. काँक्रीटमधील खडी-वाळूत लोहाचा अंश असेल, तर साधारण 300 अंश सेल्सिअसच्या पुढे तिला गुलाबी छटा येते, आणि 600 अंशांच्या पुढे ती करडी-पांढरट होऊ लागते. 300 अंशांपर्यंत तापलेल्या काँक्रीटचे बळ फारसे जात नाही. त्यापुढे मात्र ते झपाट्याने घटते आणि थंड झाल्यावर परत येत नाही. म्हणून गुलाबी थर किती खोलवर गेला आहे, हा पहिला प्रश्न आहे. घरगुती स्लॅबमध्ये सळईखालचे आवरण साधारण 20 मिलिमीटर असते. गुलाबी थर तेवढ्यातच संपत असेल तर स्लॅब वाचण्याची शक्यता चांगली आहे. तो सळईच्या वरपर्यंत गेला असेल तर विचार वेगळा करावा लागेल.

दुसरा प्रश्न सळईचा. 1998 च्या बांधकामात पीळ दिलेल्या, ज्यांना आपल्याकडे टॉर सळ्या म्हणत, त्या असण्याचा संभव मोठा आहे. त्यांचे जास्तीचे बळ थंड अवस्थेत पीळ देण्यातून आलेले असते आणि साधारण 450 अंशांच्या पुढे तापल्यास ते कायमचे कमी होते. साधी गरम-लाटलेली सळई थंड झाल्यावर बरेचसे बळ परत मिळवते. टॉर सळईचे तसे नाही. त्यामुळे ‘सळई सरळ दिसते, म्हणजे चांगली आहे’ हा निष्कर्ष येथे काढता येणार नाही.

आज करण्याचे काम एकच: स्लॅबखाली सेंट्रिंगचे लोखंडी टेकू लावून घ्यावेत आणि वर कोणालाही वावरू देऊ नये. वर पाण्याची टाकी असल्यास ती रिकामी करावी. त्यानंतर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोरी ताणून मध्ये झोळ आला आहे का ते पाहावे. लहान हातोडीने इंच-इंच ठोकत जावे. खणखणीत आवाज येतो तेथे काँक्रीट धरून आहे, बद्द आवाज येतो तेथे आत पापुद्रा सुटला आहे. बद्द भागाभोवती खडूने रेघ ओढली की बाधित क्षेत्राचा नकाशाच छतावर तयार होतो. तो नकाशा पाहिल्यावर पाडायचे की राखायचे याचा अर्धा निर्णय होतो.

उरलेला अर्धा चाचण्यांवर सोडावा. आघात-हातोडीची (काँक्रीटवर आपटून उसळी मोजण्याची) चाचणी फक्त पृष्ठभागाचे सांगते आणि आगीने पृष्ठभागच बिघडलेला असतो, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये. अल्ट्रासोनिक, म्हणजे काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवून करायची चाचणी, आणि एक-दोन ठिकाणचे गोल नमुने काढून दाबाखाली फोडून पाहणे अधिक विश्वसनीय आहे. बेळगावातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या स्थापत्य विभागांत यासाठी चौकशी करावी.

स्लॅब राखण्याजोगा निघाल्यास सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढणे, सळई तारेच्या ब्रशने लख्ख करणे, गंजरोधक लेप, गरजेप्रमाणे जादा सळई जोडणे आणि मग पॉलिमर मिसळलेला मसाला किंवा मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचे प्रवाही काँक्रीट) भरणे, हा क्रम असतो. साधा गिलावा येथे चालणार नाही. आपल्या खोलीत वायरिंग जळाले आहे. वायरचे आवरण पीव्हीसी प्लॅस्टिकचे असते आणि शुद्ध पीव्हीसीत वजनाच्या निम्म्याहून अधिक क्लोरीन असतो. ते जळले की हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि ओलाव्याबरोबर त्याचे आम्ल होते. ते आम्ल भेगांतून सळईपर्यंत पोहोचले आणि वरून ठिगळ लावून बंद केले, तर सळई आतल्या आत गंजत राहते आणि काही पावसाळ्यांनंतर ते ठिगळ फुगून खाली येते.

पुढच्या भागातील चिऱ्याच्या भिंतीला आगीपेक्षा बंबाच्या पाण्याची भीती अधिक आहे. चिऱ्यांमधील मातीचे सांधे पाण्याने ढिले होतात. भिंतीच्या पायथ्याशी माती ओघळली आहे का, चिरे बाहेर सरकले आहेत का, हे ओळंबा लावून पाहावे. भिंत सुकेपर्यंत तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा हवाबंद रंग मुळीच लावू नये.


उत्तर 2 (अनगोळची)

स्लॅबविषयी वर काकांनी सविस्तर लिहिले आहे. मी काजळी आणि वास यांच्याविषयी लिहिते, कारण आमच्याकडे स्वयंपाकघराला आग लागल्यानंतर सगळी सफाई मी स्वतः उभे राहून करून घेतली होती.

सर्वांत आधी एक विनंती. भिंतीला ओले फडके लावू नका. आपल्याकडे काळे दिसले की पाण्याची बादली आणि फडके घेण्याची सवय आहे, पण तेलकट काजळीवर पाणी पडले की ती गिलाव्याच्या छिद्रांत शिरते आणि बोटभर डागाचा हातभर डाग होतो. आधी कोरडी सफाई करावी आणि ती वरून खाली करावी. ऑनलाइन मिळणारा रबरी कोरडा स्पंज भिंतीवर न चोळता एका दिशेने ओढायचा, काळा झाला की ती बाजू कापून टाकायची. व्हॅक्यूम वापरणार असाल तर हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) गाळणीचाच वापरा, कारण साध्या यंत्राच्या मागून बारीक काजळी पुन्हा खोलीत उडते. नळी भिंतीला न टेकवता किंचित दूर धरा. कोपऱ्यात आणि कौलांखाली लोंबणारी काळी जाळी दिसेल, ती कोळिष्टके नसतात; काजळीचे कण एकमेकांना चिकटून तयार झालेल्या त्या साखळ्या असतात आणि केरसुणी लागताच भिंतीवर फासल्या जातात. त्या प्रथम व्हॅक्यूमने ओढून घ्याव्यात.

कोरडी सफाई पूर्ण झाल्यावरच ओली. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा आणि थोडा भांड्यांचा साबण घालून, सिमेंटच्या भिंती मात्र खालून वर धुवाव्यात; वरून सुरुवात केल्यास काळे ओघळ खालच्या कोरड्या भागावर उतरतात आणि ते निघत नाहीत. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि एन-95 मुखपट्टी हवीच. साधा रुमाल बांधून हे काम करू नये आणि घरातील वयस्कर माणसांना व मुलांना त्या काळात दुसरीकडे ठेवावे.

धुतलेली भिंत पूर्ण वाळल्यावर, रंगाआधी डाग आणि वास बंद करणारा प्रायमर लागतो. पाण्यावर आधारित नेहमीच्या प्रायमरमधून पिवळे डाग काही आठवड्यांत वर येतात. शेलॅकवर आधारित प्रायमर त्यासाठी चांगला. सुतार ज्या चपड्याच्या लाखेचे पॉलिश करतात तीच लाख त्यात असते. त्यात स्पिरिट असल्याने तो लावताना दारे-खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास शेगडी वा समई पेटवू नका.

धान्य, मसाले, तेल आणि औषधे यांबाबत मन घट्ट करावे लागते. पोत्यातले तांदूळ, उघड्या डब्यातले तिखट, प्लॅस्टिकच्या बरण्या, फ्रीजमधले सर्व काही आणि औषधे टाकूनच द्यावीत. तांब्या-पितळेची भांडी वाचतात, पण चिंच-मीठ लावण्याआधी सोड्याच्या पाण्याने काजळी काढा. कल्हई मात्र तपासा. कथील सुमारे 232 अंशांना वितळते, त्यामुळे आगीजवळच्या पातेल्यांची कल्हई एका बाजूला ओघळून गोळे झालेली दिसते. ती पुन्हा करून घेतल्याशिवाय त्यात आंबट शिजवू नये. प्रेशर कुकर तापला असेल तर त्याचा मोह सोडा.

कपडे बाहेर नेऊन झटकावेत, चोळू नयेत, आणि वास पूर्ण जाईपर्यंत इस्त्री करू नये. रेशमी व जरीच्या साड्या घरी न धुता जाणकाराकडे द्याव्यात. वास जावा म्हणून घरात धूप घालण्याचा सल्ला आपल्याला शेजारीपाजारी देतीलच. धुराच्या घरात आणखी धूर करून काय साधणार, एवढेच म्हणते.


उत्तर 3 (निवृत्त स्थापत्य, टिळकवाडी)

अनगोळच्या ताईंनी लिहिलेले सिमेंटच्या भिंतींना शंभर टक्के लागू आहे. परंतु मातीच्या जुन्या भिंतींना शेलॅकचा प्रायमर लावण्यास माझा विरोध आहे. त्या भिंती ओलावा घेतात आणि सोडतात. त्यांचे तोंड बंद केले तर बंबाचे पाणी आत अडकून राहील आणि पावसाळ्यात बुरशी धरेल. तेथे धुण्याचीही गरज नाही. चुन्याचे जुने थर आणि काजळी शिरलेला मातीचा गिलावा कोरडाच खरवडून काढावा, माती-चुन्याचा नवा गिलावा करावा आणि वर चुना द्यावा. खर्चही कमी येतो.


उत्तर 4 (अनगोळची)

काका, मान्य आहे. आमचे घर पूर्ण सिमेंटचे असल्यामुळे तो अनुभव मला नव्हता. फक्त खरवडताना धूळ फार उडते, तेव्हा त्या दिवशीही मुखपट्टी काढू नये, एवढे जोडते.


पुन्हा प्रश्न (माजघर)

आपणा दोघांचे मनापासून आभार. स्लॅबला टेकू लावून घेतले आहेत. दोन शंका राहिल्या. काळी पडलेली तुळई 6 इंच रुंद आणि 8 इंच उंच आहे. वरून ती भक्कम वाटते, तर ती ठेवावी का? आणि सर्वेक्षक येण्यापूर्वी खरवडणे सुरू केले तर विम्याला बाधा येईल का? परसातल्या न्हाणीवरचे सिमेंटचे पत्रेही तडकून खाली पडले आहेत, ते उचलायचे राहिले आहेत.


उत्तर 5 (खानापूरचा लाकूडवाला)

आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा लाकडाचा आणि सुतारकामाचा धंदा आहे. जाड सागवानी तुळई आगीत लोखंडापेक्षा जास्त टिकते, कारण वर तयार होणारा कोळसाच आतल्या लाकडाला उष्णतेपासून आड करतो. पेटत्या आगीत लाकूड मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जळत आत जाते. आपण लिहिलेल्या चौकटीच्या भेगा त्या कोळशाच्या आहेत. वाकसाने तो कोळसा तासून काढावा, त्याखालचा तपकिरी झालेला पातळ थरही काढावा आणि लाकडाचा मूळ रंग दिसू लागला की तेथे थांबून माप घ्यावे.

आता हिशेब पाहा. तुळईचे वाकण्याविरुद्धचे बळ रुंदी गुणिले उंचीचा वर्ग या प्रमाणात असते. मूळ मापाने 6 गुणिले 64, म्हणजे 384. दोन्ही बाजूंनी आणि खालून एकेक इंच गेला असेल, तर उरली 4 बाय 7. 4 गुणिले 49, म्हणजे 196. एकेक इंचच गेला म्हणून डोळ्याला ती जाडजूड दिसते, पण बळ निम्म्यावर आलेले असते. अर्धा इंचच गेला असेल तर 5 गुणिले साडेसातचा वर्ग, म्हणजे सुमारे 281, अर्थात जवळपास तीन चतुर्थांश बळ शिल्लक आहे. जुन्या लोकांनी तुळया सढळ हाताने वापरलेल्या असतात, त्यामुळे अशा वेळी माळ्यावरचा भार कमी करून ती राखता येते; वर पोती रचत असाल तर मात्र नाही. बळ निम्म्यावर आले असेल तर शेजारी जोडतुळई द्यावी किंवा खाली खांब घ्यावा.

भिंतीत घुसलेली तुळईची टोके विसरू नका. तेथे आग धुमसत राहते आणि बाहेरून दिसत नाही. एक चिरा काढून टोक पाहा, टोचणीने टोचून पाहा. कौलांचे म्हणाल तर ती भट्टीतच भाजलेली असतात. तापलेल्या कौलावर एकदम पाणी पडल्याने मात्र केसासारख्या चिरा पडतात. प्रत्येक कौल हातात धरून बोटाच्या पेराने वाजवावे, फुटका आवाज आला तर बदलावे. रिपा व वासे बदलणार असाल तर ते आताच करा, मृगात सुतार आणि कोरडे लाकूड दोन्ही मिळणे कठीण असते.


उत्तर 6 (दाव्यांच्या कामातला)

विम्याविषयी थोडे लिहितो. सर्वेक्षक येण्यापूर्वी खरवडणे, पाडणे आणि जळालेले सामान फेकणे टाळावे. मात्र नुकसान वाढू नये यासाठीची वाजवी उपाययोजना करणे हे विमाधारकाचे कर्तव्यच असते, म्हणून टेकू, ताडपत्री, पाणी उपसणे, खिडक्या उघडणे ही कामे निर्धास्तपणे करावीत आणि त्यांच्या पावत्या जपाव्यात. विमा कंपनीला लेखी सूचना दिली नसेल तर ती आजच द्यावी, आणि पावसाचे कारण देऊन पाहणी लवकर करण्याची विनंती त्याच पत्रात करावी. खोलीनिहाय छायाचित्रे घ्यावीत: आधी दारातून पूर्ण खोली, मग जवळून एकेक वस्तू, आणि जळालेल्या यंत्रावरची क्रमांकपट्टी. सडणारे धान्य छायाचित्र काढून, यादी करून टाकता येते.

आपली पॉलिसी ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित नमुन्यातील आहे का, ते पाहा. हा नमुना 1 एप्रिल 2021 पासून लागू आहे. त्यात दाव्याच्या रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत राडारोडा हलवण्याचा खर्च आणि 5 टक्क्यांपर्यंत वास्तुविशारद, सर्वेक्षक व सल्लागार अभियंत्याचे शुल्क मिळू शकते. वर सुचवलेल्या तपासणीसाठी अभियंता नेमाल तेव्हा त्याचे बिल आपल्याच नावाने घ्या. इमारत आणि सामान असे दोन्हींचे संरक्षण असेल, तर सामानासाठी इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख रुपये, आपोआप धरलेले असतात. कर्जासोबतच्या पॉलिसीत पुष्कळदा फक्त इमारतच असते, आणि हे ग्राहकाला आगीनंतरच कळते.

अग्निशामक दलाचा दाखला, पोलिसांतील नोंद आणि तहसील कार्यालयामार्फत होणाऱ्या पंचनाम्याची प्रत या तिन्हींची मागणी लेखी करावी. पंचनामा कन्नडमध्ये असतो. सही करण्यापूर्वी तो कोणाकडून तरी शब्दशः वाचून घ्यावा. त्यात ‘एक खोली जळाली’ एवढेच लिहिले गेले आणि माजघराची तुळई व पुढच्या भागातील धुराचे नुकसान राहून गेले, तर पुढे सर्वेक्षकासमोर तेच वाक्य आडवे येते.

तडकलेल्या सिमेंटच्या पत्र्यांबाबत सावध असा. त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात. कोरडे झाडू नयेत, फोडू नयेत. पाण्याने भिजवून, मुखपट्टी लावून, जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून बंद करावेत आणि विल्हेवाटीबाबत महानगरपालिकेत विचारावे.


उत्तर 7 (वायरमन, वडगाव)

मागच्या खोलीतील सगळे वायरिंग नवीन करा, याला पर्याय नाही. साध्या पीव्हीसी वायरचे आवरण 70 अंशांपर्यंतच्या तापमानासाठी असते. माजघर आणि सोप्यातील वायर वरून चांगली दिसली तरी मेगर (वायरच्या आवरणाचा रोध मोजणारे यंत्र) लावून तपासल्याशिवाय वीज जोडून घेऊ नका. स्विचबोर्ड उघडून पाहा, आत काजळी असेल तर बोर्ड आणि सॉकेट दोन्ही बदला. पितळी पट्ट्यांवर हिरवट थर दिसला तर ते आम्लाचे काम आहे. परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी अहवाल जोडूनच हेस्कॉम या वीज कंपनीकडे पुनर्जोडणीचा अर्ज द्या. नव्या बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. गॅसची टाकी, रेग्युलेटर आणि नळी पुन्हा वापरू नका, वितरकाला बोलावून परत द्या.

ही वायर भिंतीतून नेण्यासाठी खाचा पाडाव्या लागतात, म्हणून गवंड्याला चुना देण्याआधी मला किंवा माझ्यासारख्या कोणाला तरी बोलवा. रंग झाल्यावर बोलावणारेच जास्त असतात.


उत्तर 8 (निवृत्त स्थापत्य, टिळकवाडी)

पावसाचा विचार करता, सर्वेक्षकांची पाहणी झाल्याबरोबर आधी कौलारू छपर बंद करावे, त्यानंतर पुढच्या भागाचे खरवडणे आणि वायरिंग घ्यावे. चुना भिंत सुकल्यावर द्यावा. ती मृगापर्यंत सुकली नाही, तर खरवडलेल्या भिंतीतच पावसाळा काढावा, त्यात राहण्यास अडचण नाही. मागची खोली टेकूंवर उभी ठेवून, दार बंद करून, तिची दुरुस्ती पावसाळ्यात शांतपणे करता येईल. तिच्यावर मात्र ताडपत्री घट्ट बांधावी, कारण उघड्या सळ्यांवर वरून पाणी झिरपता कामा नये. मायक्रोकाँक्रीट भरल्यानंतर किमान सात दिवस ते ओले ठेवावे लागते आणि टेकू अभियंत्याने सांगितल्याशिवाय काढायचे नसतात. चाचणीचे आकडे हाती आल्यावर ते येथे लिहावेत, म्हणजे सळईबाबत नेमके सांगता येईल.